मायच्या वाटचं

आमच्या घरात अंडी यायची ती नाना आणि भास्करसाठी. हे कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कुणी कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. नाना म्हणजे माझे वडील. ते पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या कारखान्यात जेट मशीनवर होते. माझा मोठा भाऊ भास्करही तिथंच लागला होता. पाळी सुटली की नाना कोपऱ्यावरच्या लारीवरून, म्हणजे हातगाडीवरून, कागदाच्या पिशवीत अंडी घेऊन यायचे, ती मायच्या हातात द्यायचे आणि हात धुवायला मोरीवर जायचे. कितीही घासले तरी त्यांची नखं त्या दिवशीच्या रंगाचीच राहायची. माय स्टोव्हला पंप मारायची, कांदा चिरायची, भुर्जी करायची. एक ताट नानांचं, एक भास्करचं. मग मला कढईतलं थोडं खरवडून मिळायचं. शेवटी माय भाकरीच्या तुकड्यानं कढई आतून गोल पुसून घ्यायची आणि तो तुकडा तोंडात टाकायची. त्या पुसण्याला ती जेवण म्हणायची. सतरा-अठरा वर्षांची होईपर्यंत मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. आता ती कढई डोळ्यांसमोर आली तरी माझी कानशिलं तापतात.

आमची खोली कारखान्यांच्या मागच्या चाळीत होती. पत्र्याचं छप्पर आणि एकच खिडकी, तीही बॉयलरच्या बाजूला. वाफ सोडली की असा आवाज यायचा की बोलणारा अर्ध्या वाक्यावर थांबायचा, आवाज संपला की तिथूनच पुढे बोलायचा. शेजारच्या गल्लीत माग चालायचे, त्यांची खटखट भिंतीतून यायची. सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की आम्हाला करमायचं नाही. चाळीत बहुतेक घरं आमच्यासारखीच खानदेशातून आलेली. बायका एकमेकींशी अहिराणीत बोलायच्या, दुकानात गुजरातीत, नळावर भांडताना हिंदीत. माय घरी साड्यांचं काम करायची. बाजारातून साड्यांचं पोटलं आणायचं, भरतकामाच्या मागे लोंबणारे धागे कातरायचे आणि पोटलं परत पोचवायचं. दिवसभर तिच्या मांडीवर कुणाच्या तरी लग्नाची साडी असायची. ती उठली की रंगीत धाग्यांचे तुकडे तिच्या अंगावरून गळायचे.

त्या धाग्यांपायीच सगळं झालं. कातरीचं टोक तिच्या उजव्या हाताच्या बोटात घुसलं. एवढीशी जखम, पण ती भरेना. हळद लावली, चुना लावला, मेडिकलवाल्याकडून मलम आणलं. बोट सुजत गेलं. तहान तर तिला आधीपासूनच फार लागायची. पाण्याचा तांब्या उशाशी घेऊन झोपायची आणि म्हणायची, उन्हाळा वाढलाय. थंडीतही तेच म्हणायची. शेवटी मीच तिला ओढत धर्मादाय दवाखान्यात नेलं. तिथं एक पारशी डॉक्टरीणबाई बसायच्या. पिकलेले आखूड केस, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं सडेतोड. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की मायला साखर आहे, बरीच आहे, आणि कधीपासून आहे देव जाणे. गोळ्या लिहून दिल्या. मग मायला सोडून माझ्याकडे वळल्या.

"ही काय खाते?"

"भाकरी," मी म्हणाले. "भात. चहा."

"आणि?"

मला आठवेना. आणि काय खाते माझी माय? डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. भात बंद, साखरेचा चहा बंद, भाकरी चतकोर, पालेभाजी पोटभर आणि रोज सकाळी अंडी, असं त्यांनी बजावलं. त्यांच्या घरी भाजीवर अंडी फोडून वर झाकण ठेवतात, तसं कर म्हणाल्या, त्यात पीठही लागत नाही आणि बटाटाही नाही. माय तोंडाला पदर लावून हसली. अंडं आणि तेही तिनं, रोज, सकाळी. जणू बाईंनी तिला रोज सकाळी घोड्यावरून फिरून यायला सांगितलं होतं.

घरी येऊन मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "ठीक शे." मला वाटलं, झालं. त्या शनिवारी नेहमीइतकीच अंडी आली, नेहमीचीच दोन ताटं भरली आणि मायनं नेहमीप्रमाणे कढई पुसली. मी तिला म्हणाले, तुझं वेगळं काढ. ती म्हणाली, "माले भूक नही." हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले होते. ते खोटं आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि तिचाही राग आला. तिचा राग तर जास्तच आला, कारण तिच्यावर ओरडायची सोय नव्हती.

भुर्जीत मायचा निभाव लागणार नव्हता. भुर्जी कढईतून थेट ताटात जाते आणि ताटं पुरुषांची. मला असं काही हवं होतं की जे करून झाकून ठेवता येईल, माय पोटलं पोचवून परत येईपर्यंत गरम राहील आणि वडीसारखं कापून तिच्या हातात देता येईल. आमच्या शेजारी हंसाबेन राहायच्या. नवरा कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात, मुलं नाहीत, देवधर्म कडक. त्यांच्याकडे डाळ-तांदळाच्या पिठाचा हांडवा भाजायचा कुकर होता. ॲल्युमिनियमचा, खालच्या खणात वाळू भरायची, वरचं भांडं मधोमध नळी असलेलं, त्यावर झाकण. स्टोव्हवर ठेवलं की वाळू तापते आणि तिच्या धगीनं आतलं पीठ चहूबाजूंनी खरपूस भाजलं जातं. भट्टी नसलेल्या घरातली ती भट्टीच. मी त्यांच्याकडे गेले आणि खरं ते सांगितलं: मायसाठी अंडी भाजायची आहेत. हंसाबेन ओट्यावर डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. आता या मला हाकलणार, असं मला वाटलं. त्या आत गेल्या, कुकर घेऊन आल्या आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवला.

"आमां ईंडुं पड्युं एटले मने पाछो नी जोईए," त्या म्हणाल्या. "तुं ज राख."

अंडं पडलेलं भांडं त्यांना परत नको होतं, म्हणून त्यांनी तो कायमचाच देऊन टाकला. हांडवा त्यांच्या नवऱ्याला किती आवडायचा ते मला ठाऊक होतं.

पहिल्यांदा केलं ते जळलं. वाळू फार तापली, खाली कोळसा झाला आणि वर अंडं पाण्यासारखं डुचमळत राहिलं. दुसऱ्यांदा आच बारीक ठेवली. थंडीचे दिवस होते, बाजारात लसणीची हिरवी पात आली होती. ती भरपूर घेतली, मेथी धुऊन निथळून चिरली, कांदा आणि हिरवी मिरची अगदी बारीक केली, मीठ लावून सगळं हातानं चुरलं आणि सुटलेलं पाणी पिळून टाकलं. अंडी वाडग्यात फोडून हळद घालून फेस येईपर्यंत घोटली. कुकरच्या भांड्यात तेल तापवून मोहरी, मग तीळ. तीळ उडायला लागले की त्यावर मेथी-लसूण पसरायची, वरून अंडी ओतायची, झाकण लावायचं आणि मग अजिबात उघडायचं नाही. शेजारची एक म्हणाली, मूठभर बेसन घाल म्हणजे धरून राहील. मी घातलं नाही. ते न घालताही धरलं. आधी कच्च्या लसणीचा उग्र वास आला, मग तो गोडसर झाला, मग तिळाचा. झाकण काढलं तेव्हा ते फुगून वर आलं होतं, कडा तपकिरी, मध्ये नळीभोवती सोनेरी वळं.

परवा माझ्या नातीनं रविवारी असंच काहीसं केलं. विजेच्या ओव्हनमध्ये, पालक आणि चीज घालून, मोबाइलवर बघत. मला म्हणाली, आजी, हे लो-कार्ब आहे, यात मैदा नाही, ब्रेड नाही, सगळीकडे ट्रेंड आहे. मी म्हणाले, हो का. तिनं पहिली फोड कापली आणि ओट्याशी उभी राहून स्वतःच खाल्ली, फुंकर घालत. तिच्या आईनं तिला टोकलं, आधी बाबांना दे म्हणून. माझा आवाज इतका चढला की सून दचकली. मी म्हणाले, खाऊ दे तिला! त्यांना वाटलं, म्हातारीला आता लगेच राग येतो. आता नाही बाई, राग जुना आहे.

तर त्या सकाळी मी कुकर स्टोव्हवरून उतरवून वाळूसकट कोपऱ्यात ठेवला. माय पोटलं पोचवायला गेली होती. मी हंडा घेऊन नळावर गेले. रांग होती. परत आले तर नाना आणि भास्कर रात्रपाळीहून आलेले, कुकर दोघांच्या मध्ये, लारीवरचे पाव समोर. भांड्यात नळीला चिकटलेला एक चोथा तेवढा राहिला होता. भास्कर बोटं चाटत म्हणाला, "मंगल, हाई रोज करत जाय."

मी हंडा ठेवला नाही, आदळला. पाणी त्यांच्या पायापर्यंत गेलं.

"ते मायकरता औषद व्हतं," मी म्हणाले.

"आख्खं?" नाना म्हणाले. त्यांना खरंच हसू आलं होतं.

"आख्खं. दाक्तरीणनी सांगेल शे. तुम्ही रात्री लारीवर खाई येतस, घरमा खातस, आणि ती कढई पुसस. तुमले दिसत नही का?"

नानांचं हसू गेलं. ते चिडले नाहीत, हे मला आजही जास्त लागतं. त्यांनी अगदी साधेपणानं, एखादी खरी अडचण सांगावी तसं विचारलं, "तिनी कधी मांगं का?"

तेवढ्यात माय दारात आली. डोक्यावर नवीन पोटलं, बोटाला चिंधी. तिनं रिकामं भांडं पाहिलं, ओली जमीन पाहिली, माझं तोंड पाहिलं. पोटलं उतरवून ठेवत म्हणाली, "खाधं ना त्यासनी? बरं झायं." मी ओरडले. काय ओरडले ते आता सांगता येत नाही. नानांना खादाड म्हणाले, भास्करला त्याहून वाईट काही. तिलाही म्हणाले, की तुला मरायचंच असेल तर सरळ मर, आम्हाला कामाला कशाला लावतेस. मायनं माझ्या तोंडात मारली. दुखऱ्याच हातानं. लागलं तिलाच जास्त. चिंधीतून रक्त आणि पू बाहेर आला. ती हात पोटाशी धरून खाली बसली आणि म्हणाली, "बापसंगे आशी बोलस का?" मग तिनं शिळी भाकरी काढली, काळ्या चहात बुडवली आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ली. नाना आडवे झाले. भास्कर घोरायलाही लागला. आणि मागांची खटखट चालूच होती.

मी दुपारी तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. बोट टोकाला काळं पडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी जखम उघडून साफ केली, माय दातांत पदर धरून बसली होती. काम झाल्यावर बाई हात पुसत म्हणाल्या, असंच चाललं तर हे बोट काढावं लागेल, आणि ते बोटावर थांबेलच असं नाही. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "एने तमे लोको खावा आपो छो के नी?"

तुम्ही लोक हिला खायला देता की नाही. भोवती बाकांवर बायका बसल्या होत्या, सगळ्यांनी ऐकलं. माय घाईघाईनं म्हणाली, "आपे छे बेन, बधुं आपे छे." देतात बाई, सगळं देतात. तिला स्वतःच्या बोटापेक्षा आमच्या घरच्या अब्रूची काळजी. त्या क्षणी मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

संध्याकाळी मी हंसाबेनच्या ओट्यावर बसून रडले. दुःखानं नाही, संतापानं. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, तुझे वडील कामावरून किती वाजता येतात? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, सकाळी बनव. मी येऊन बसते.

सकाळी मी पुन्हा मेथी चिरली, पुन्हा अंडी घोटली. मायला पोटलं घेऊन जाऊ दिलं नाही; ते मी खाटेखाली सारून त्यापुढे पाण्याची बादली ठेवली होती. तिला भिंतीशी बसवलं. तेवढ्यात हंसाबेन आल्या. अंघोळ करून, पूजा आटोपून, कपाळाला ओलं कुंकू. त्यांनी आमच्या उंबऱ्यावर, बरोबर दाराच्या मधोमध, पाट टाकला आणि पाठ आत करून बसल्या. नाकावर पदर घट्ट धरलेला. अंड्याच्या वासानं त्यांना मळमळायचं, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं.

"खाई ले बेन," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "हुं नी जोऊं." मी बघत नाही, म्हणे.

मी चांगली मोठी फोड कापून मायच्या ताटात घातली. उजवा हात बांधलेला, म्हणून तिला डाव्या हातानं खावं लागणार होतं. तिला त्याची लाज वाटली. तिनं एक लहानसा तुकडा मोडला, माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "त्यासले ठेव," म्हणाली. उंबऱ्यावरून हंसाबेननी, मान न वळवता, तिला असं काही दटावलं की मीही सावरून बसले. मायनं तुकडा तोंडात घातला. मग दुसरा. ती फार हळू खात होती, प्रत्येक घास गिळायची परवानगी कुणीतरी द्यावी तशी.

बाहेर चपला वाजल्या. नाना आणि भास्कर. मायचं चावणं थांबलं, गालात घास तसाच.

"भाई, बहार बेहो," हंसाबेन म्हणाल्या. "बेन खाय छे."

बाहेरच बसा म्हटल्यावर नाना थांबले. परक्या बाईला ओलांडून आत येणं त्यांच्यानं होणार नव्हतं, आणि त्या हलणार नव्हत्या. चाळीतल्या दोन-चार बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नानांनी एकदा हंसाबेनकडे पाहिलं, एकदा त्यांच्या डोक्यावरून आत. आत मी सांडशी हातात घेऊन कुकरसमोर बसले होते. त्यांनी पाऊल टाकलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. त्यांनी टाकलं नाही. ते ओट्यावर बसले, त्यांच्या बाजूला भास्कर बसला. रात्रभर उभं राहून आलेली दोन माणसं, भुकेली, आणि मला त्यांची जराही दया आली नाही. बॉयलरची वाफ सुटली. आवाज संपेपर्यंत सगळे तसेच होते.

मग मायनं गालातला घास गिळला. ताट पुढे केलं. आतून बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली,

"माले आजून दे. माले भूक लागेल शे."

तिच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी दिलं. तिनं ते खाल्लं. शेवटी ताटात उरलेला तिळाचा चुरा बोटानं टिपून खाल्ला. हंसाबेन उठल्या, पाट काखेत मारला आणि नानांना म्हणाल्या, आता जा आत. मग घरी जाऊन त्यांनी पुन्हा अंघोळ केली. मोरीतलं पाणी ओतल्याचा आवाज आमच्या भिंतीतून आला.

पुढे बरेच दिवस त्या रोज येऊन बसत होत्या. मग यायची गरज उरली नाही. नाना कधी माफी वगैरे बोलले नाहीत. अंडी जास्त आणायला लागले, एवढंच. मायचं बोट राहिलं, टोकाशी वाकडं झालं, पण राहिलं. साखर आयुष्यभर राहिली. ती बरीच वर्षं जगली. लारीवर जाऊन स्वतःसाठी अंडी घ्यायलाही शिकली आणि तिथल्या माणसाशी लहान अंड्यांवरून हुज्जत घालायला लागली.

ती गेली तेव्हा आम्ही सगळे डिंडोलीला भास्करच्या फ्लॅटवर जमलो होतो. तेराव्याला गावाकडचे नातेवाईक आले. जेवणं झाल्यावर एक चुलतभाऊ उभा राहून बोलायला लागला. काकू म्हणजे साक्षात त्यागाची मूर्ती, तो म्हणाला, सगळ्यांना वाढून उरलं तर खायची, कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही. बायका डोळे पुसायला लागल्या. मी बसल्या जागेवरून म्हणाले, "मागितलं होतं. आणि मागेपर्यंत तिला कुणी दिलं नव्हतं." भास्करनं माझा दंड धरला. कुणीतरी म्हणालं, मंगलताई, आजच्या दिवशी नको. नाना खुर्चीवर बसले होते, पार वाकलेले, कानानं गेलेले. त्यांनी विचारलं, "काय म्हनी राहिनी ती?" भास्कर त्यांना म्हणाला, काही नाही.

मी उठले. त्यांच्या खुर्चीशी गेले आणि त्यांच्या कानात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सगळं सांगितलं. कढई, डॉक्टरीणबाई, कुकर, उंबऱ्यावरच्या हंसाबेन. चुलतभाऊ खाली बसला. नाना ऐकत राहिले. मधे त्यांनी मला थांबवलं नाही. मी संपवलं तेव्हा मला धाप लागली होती.

त्यांनी डोळे वर केले.

"तिले आवडे का ते?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं रोज सकाळी ती खात असताना ते तिच्या समोर बसत होते.

"आवडायचं," मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. "फार आवडायचं."